खालची दोन बोटं

४ जानेवारी

गोटी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू हे न उघडताच टाकून देशील, म्हणून पत्ता मावशीकडून लिहून घेतला. उघडलं आहेस तर आता फसलीच आहेस, पुढे वाच. "मी पत्ता दिला हे तिला सांगू नकोस," असं मावशीने चारदा बजावलं होतं. पहिल्याच चार ओळींत सांगून टाकलं. यावरून तुला कळेल की अकरा वर्षांत तुझा दादा फारसा सुधारलेला नाही.

लिहायला बसण्याचं कारण अगदी साधं आहे. काल दुकानात एक शाळेतल्या बाई आल्या. दोन्ही हातांत कापडी पिशव्या, त्यांत कॉमिक्स. सुपरहिरोंची एक टोळी, आठ-नऊ जणांची, मला माहीत नसलेली. बाई म्हणाल्या, "बारा-बारा अंकांचे खंड बांधून द्या."

मी विचारलं, "शाळेसाठी का?"

"छे हो, माझ्यासाठी. नवऱ्याला सांगितलंय शाळेसाठी." मग जरा लाजून म्हणाल्या, "सुट्टे अंक वाचताना काय होतं, एकजण टोळी सोडून जातो आणि त्याने का सोडली ते कळायला चार महिने थांबावं लागतं. तोवर आपण ते भांडणच विसरतो. मला एकदा सगळं सलग वाचायचंय. उशाशी खंड, रविवार, आणि घरात कुणी नाही."

मी मान डोलावली. अंक मोजले, कड अंगठ्याने फिरवून पाहिली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, पानांच्या कडेला कुणी काही लिहिलंय का?"

त्या हसल्या. "असेल काहीतरी. कापलं जाईल ना?"

मी पिशव्या त्यांच्या हातात परत दिल्या. म्हटलं घरी जा, एकेक पान बघा, मग या. बाबा असते तर म्हणाले असते, आलेलं काम परत पाठवणारा बाइंडर म्हणजे गिऱ्हाइकाला दार दाखवणारा वेडा. बाई गेल्यावर मी कटिंग मशीनवर कापड टाकलं आणि बाकावर बसून राहिलो.

आपल्या घरच्या कॉमिक्सचे मी बांधलेले ते सहा खंड अजून माझ्याकडे आहेत. निळं कापड, कण्यावर सोनेरी आकडे. त्या दिवशी तू पहिला खंड उघडलास, एक पान उलटलंस, दुसरं उलटलंस आणि विचारलंस, "खालचं कुठे गेलं?" बस, एवढंच. मी तुला तेव्हा सांगितलं होतं तेच आज सांगतो. मला पेन्सिल दिसली नव्हती. पुस्तक म्हटलं की तीन बाजू कापायच्याच, हात आपोआप चालतो. मुद्दाम कोण करेल असं?

तब्येतीला जप. उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होतो, पण बघतोय.

दादा


१९ जानेवारी

गोटी,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझा अबोला मला नवा नाही, लहानपणी एका शार्पनरवरून तू नऊ दिवस बोलली नव्हतीस.

त्या बाई गेल्यापासून आपल्या कॉमिकमधले 'अभेद्य सात' माझ्या डोक्यातून जात नाहीत. आजही झोपेतून उठवलंस तर सातही जण ओळीने सांगेन. काटकोन, जो कप्तान आणि कुणाचंच ऐकायचा नाही. वावटळ. भिंतीपलीकडचं बघणारा पण स्वतःचा चष्मा शोधत फिरणारा भिंग. सावली. ते दोघे जुळे. आणि तळघरात बसून सगळ्यांची चिलखतं दुरुस्त करणारा लोहार.

एकट्या सुपरहिरोचं कॉमिक आपल्या घरात कधी टिकलं नाही. आठवतं, आपला धाकटा, सुतळी, काय म्हणायचा? "एकटा असला की तो जिंकणार हे माहीतच असतं. सातजण असले की आधी ते एकमेकांशी जिंकतात का ते बघायचं." पंधरा वर्षांचं पोर, सुतळीसारखं बारीक म्हणून बाबांनी तेच नाव ठेवलेलं, आणि बोलायचं असं. त्या सात जणांत रोज भांडणं, रुसवे, दार आपटून निघून जाणं. पण टेबलाभोवतीच्या सात खुर्च्यांपैकी एकही कुणी हलवायचं नाही. जो गेला त्याची खुर्ची तशीच. मला तर लढायांपेक्षा त्या खुर्च्याच आवडायच्या. हे मी कुणाला बोललो नाही, तिशीतल्या माणसाने काय बोलायचं.

मग सुतळीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. एकोणिसाव्या वर्षी. मी त्याला पाटी आणून दिली, बाइंडिंगच्या काळ्या पुठ्ठ्याची, खडूने लिहायची. किती छान केली होती मी ती! कोपऱ्यांना कापड, वर अडकवायला दोरी. तो माझ्याशी आणि बाबांशी पाटीवर बोलायचा. 'पाणी.' 'खिडकी लाव.' 'आज बरं आहे.' लिहायचं, दाखवायचं, पुसायचं.

तुझ्याशी मात्र तो कॉमिकच्या पानांवर बोलायचा. पहिल्या अंकापासून पुन्हा वाचायला घेतलं होतंत तुम्ही दोघांनी, खांद्याला खांदा लावून, त्या वरच्या खोलीत. चित्रांच्या खाली दोन बोटं कोरी जागा असायची, तिथे त्याची पेन्सिल आणि तुझी पेन्सिल. तुला बोलता येत होतं तरी तू लिहायचीस, त्याला एकट्याला लिहावं लागू नये म्हणून. हे मला फार उशिरा कळलं. आधी वाटायचं, काय हे खूळ.

तो गेल्यावर ते अंक तू पलंगाखालच्या पेटीत ठेवलेस. मी म्हणालो, मी याचे खंड करतो, कायमचे टिकतील. तू म्हणालीस, "नको, राहू देत." मला ते 'आत्ता नको' असं ऐकू आलं. तू महिनाभर मावशीकडे गेलीस आणि मी पेटी ओढली.

चांगल्या मनाने ओढली, गोटी. एवढं तरी मान.

दादा


६ फेब्रुवारी

गोटी,

तुझं कार्ड आलं. अकरा वर्षांनी तीन ओळी. टपालवाल्याच्या हातातून मी ते अक्षरशः ओढून घेतलं, त्याला वाटलं असेल लॉटरी लागली.

'प्रत्येक अंकाच्या पिना काढल्यास. प्रत्येक अंक दाबून सपाट केलास. आणि पेन्सिल दिसली नाही? आणि बासष्ट ते बहात्तर कशाला घातलेस?'

वाचून आधी राग आला. मलाही राग येतो. ते खंड बांधायला मला तीन आठवडे लागले होते. असं काम मी कुणासाठी केलं नव्हतं. बाबांनी कणा हातात फिरवून बघितला आणि पहिल्यांदा म्हणाले, "जमलं." आणि तू त्याच रात्री बॅग भरलीस. माझ्या बाजूने कुणी विचार केला का कधी?

हे लिहून दोन दिवस पत्र तसंच पडलं होतं. आता पुढे लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. एकसष्टावा अंक आला आणि चारच दिवसांनी सुतळी गेला. मालिका पुढे बहात्तरपर्यंत चालली. ते अकरा अंक मी दर महिन्याला विकत घेत राहिलो, न वाचता. मला वाटलं, संच पूर्ण पाहिजे. बाइंडरच्या डोक्यात हे असतंच, अर्धवट संच म्हणजे अपमान. तू त्या दिवशी म्हणालीस, "त्याने वाचलेले एकसष्टच आहेत, दादा." तेव्हा मला ते बोलणं हट्टी वाटलं होतं. आता कळतं. त्याचं वाचन जिथे थांबलं तिथून पुढे मी आपला बांधतच गेलो.

दुसरं. पहिले चाळीस अंक मोठ्या आकाराचे होते. एक्केचाळीसपासून छापणाऱ्यांनी आकार लहान केला, चित्रं थेट कडेपर्यंत आली, लिहायला जागाच उरली नाही. म्हणजे त्याचं लिहिणं होतं ते फक्त त्या चाळिसांत. आता सहा खंड शेजारी उभे केले तर साडेतीन उंच आणि अडीच बुटके दिसणार. चौथा खंड तर आतूनच पायरीसारखा. मी काय केलं, सगळ्यात बुटक्या अंकाच्या मापाने सगळे कापले. उंचीतून बरोबर दोन बोटं गेली. वरून कापलं असतं तर चित्रांची डोकी उडाली असती. खाली कोरं होतं, म्हणून खालून कापलं.

खाली कोरं नव्हतं, हे तुला माहीत आहे.

पिना मी अंक न उघडता काढतो, पाठीकडून, बोथट पात्याने. बाबांची पद्धत. त्यामुळे मधली पानं बघावी लागत नाहीत. पण दाबून सपाट करताना कडा दिसतात. तू म्हणतेस ते बरोबर आहे. दिसतात.

बाकी पुढच्या पत्रात. आज जमत नाही.

दादा


२० फेब्रुवारी

गोटी,

आज सकाळी चहासुद्धा न घेता बसलो, नाहीतर पुन्हा काहीतरी निमित्त काढलं असतं.

मला पेन्सिल दिसली होती.

पहिल्या अंकातच दिसली. तुमच्या दोघांचे टोमणे, काटकोनला काढलेल्या मिशा, 'हा भिंग म्हणजे आपली मावशी' वगैरे. मी हसलो. मला वाटलं, वा, हे तसंच ठेवू, पहिले साडेतीन खंड मोठेच ठेवू, दिसू देत वाकडेतिकडे. खरंच असं ठरवलं होतं मी. अठरा अंकांच्या पिना काढून झाल्या, अठरा अंकांच्या खालच्या कडा वाचून झाल्या. एकोणिसाव्यात एका पानाखाली त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'दादाला सांगू नको.'

एवढंच. काय सांगू नको, ते कुठेच नव्हतं.

तुला कसं सांगू काय झालं ते. त्याच्या आजारपणात सुरुवातीला मी त्याला कॉमिक वाचून दाखवायचो, आठवतं? औषधांनी त्याचे डोळे जड व्हायचे, म्हणून. वीस वर्षांचा घोडा, आणि मी त्याला आवाज काढून वाचून दाखवतोय. लोहाराचा आवाज मी पोटातून काढायचो, "थांबा रे, लोखंड अजून गरम आहे!" तो आवाज न करता हसायचा, खांदे हलवून. मग एके दुपारी मी वर आलो तर तुम्ही दोघं अंकात डोकं घालून हसत होतात, आणि मला बघून तू अंक पटकन मिटलास. मी विचारलं, "वाचू का?" त्याने पाटीवर लिहिलं, 'झोप येतेय.' मी खाली गेलो. जिन्यावरून ऐकलं, तू पुन्हा हसलीस.

त्यानंतर मी वर वाचायला कधी आलो नाही. लोकांना सांगायचो, काम फार आहे. काम होतंच, बाबांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, सगळं माझ्यावरच होतं. पण खरं कारण ते नव्हतं. मला वाटलं तुमची टोळी झाली आहे आणि मी तिच्यात नाही. मला पाटी, तुला पानं. मला जे सांगितलं ते पुसलं गेलं, तुला जे सांगितलं ते पेटीत जपलं गेलं. त्याचं माझ्याशी बोललेलं एक अक्षर माझ्याकडे नव्हतं, गोटी. आणि जे सापडलं ते काय, तर 'दादाला सांगू नको.'

मी तो अंक मिटला. नंतर एकाही अंकात बघितलं नाही. सगळे एका मापाने लावले आणि पातं खाली आणलं. रागात नाही. रागात असतो तर निदान हात चुकला असता. कट अगदी सरळ आला.

पट्ट्या खाली पडल्या त्या रद्दीच्या पोत्यात भरल्या. त्यातली ती एक पट्टी मात्र बाजूला काढली. सुयांच्या डबीत ठेवली आहे. अकरा वर्षं. दर वेळी सुई घेताना दिसते.

तर असं आहे. मुद्दाम कोण करेल, असं मी पहिल्या पत्रात विचारलं होतं. मी केलं.

त्या शाळेतल्या बाई आल्या होत्या परवा. म्हणाल्या, "प्रत्येक पान बघितलं. एका ठिकाणी तेलाचा डाग आहे, माझाच. कापा बिनधास्त." मी त्यांचे खंड बांधायला घेतले. पण कापण्याआधी प्रत्येक अंकाची खालची कड मी पुन्हा एकदा स्वतः बघितली.

दादा


८ मार्च

गोटी,

तू काही लिहिलं नाहीस, आणि काय लिहिणार म्हणा. मी मात्र एक काम काढलं. तुला न विचारता, पुन्हा. पण या वेळी उलट्या बाजूने.

मी ते खंड सोडवले.

पुठ्ठे आधी काढले. मग कण्यावर ओल्या कापडाचा बोळा ठेवला, खळ मऊ झाली की कापड सोलून काढायचं. स्वतःचंच काम सोडवताना कळतं की आपण किती घट्ट बांधतो. एकेक टाका पात्याच्या टोकाने कापला. मी हे अंक आडवे टाचले होते, म्हणजे आरीने कडेपासून बोटभर आत भोकं पाडून वरून खाली आरपार दोरा. त्यात आतली कोरी जागा सगळी शिवणीत जाते, अंक पूर्ण उघडतच नाही. चांगली पद्धत नाही ती. मजबूत असते, एवढंच.

आता नीट वाच.

दुसरा खंड सुटला, एकोणिसावा अंक हातात आला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तो घडीपर्यंत उघडला. घडीच्या आत, अगदी खोबणीत, उभं लिहिलेलं होतं. मुंगीएवढं अक्षर, फिकट. पातं तिथे पोचलंच नव्हतं. मी शिवून टाकलं होतं, म्हणून वाचलं होतं.

तुला आठवत असेल का, माहीत नाही. कदाचित आठवतच असेल आणि म्हणूनच तू गेलीस. जसंच्या तसं उतरवतो.

'दादाने परत वाचून दाखवायला पाहिजे. त्याचा लोहार भारी असतो. तू वाचतेस तेव्हा लोहार नर्ससारखा बोलतो.'

त्याखाली तुझं, 'मग सांग की त्याला.'

त्याखाली त्याचं, 'नको. खाली एकटा दोन माणसांचं काम करतोय. मी सांगितलं तर सगळं टाकून वर येऊन बसेल.'

आणि मग बाहेर, पानाखाली, जे मी कापलं ते.

मी दुकानाचं दार आतून लावून घेतलं. बाबा गेले तेव्हा रडलो नव्हतो, सगळ्यांनी नावाजलं होतं मला, किती खंबीर म्हणून. परवा एका कॉमिकवर डोकं ठेवून रडलो, आणि मग ते भिजेल म्हणून उठलो. धंद्याची खोड.

किती सोपं होतं, गोटी. वर यायला सोळा पायऱ्या होत्या. मी विचारलं असतं, "खरंच झोप येतेय का रे?" तर पाटीवर दुसरं काहीतरी लिहिलं असतं त्याने. मी टोळीतून निघून गेलो आणि इतकी वर्षं वाटत राहिलं की मला काढलंय.

त्या वाक्यातल्या 'लोहार' शब्दातून माझ्या आरीचं भोक गेलं आहे. 'हा'च्या बरोबर मधून.

बाकी सगळ्या अंकांच्या घड्या बघितल्या. चाळिसांत तेहतिसावा नव्हताच. तेव्हा पेटीतही सापडला नव्हता, म्हणून रिवाजाप्रमाणे त्याच्या जागी तेवढ्याच जाडीची कोरी पानं घातली होती. उरलेल्या एकोणचाळिसांपैकी सव्वीस अंकांच्या घडीत लिहिलेलं आहे. खाली थट्टा-मस्करी लिहायचात आणि आत खरं बोलायचात, असं दिसतं. दुखतंय किती ते. भीती वाटते ती. मी पहिले चार वाचले आणि पुढचे वाचायचे थांबलो. ते तुझे आहेत.

मी सगळे तुला पाठवणार आहे. खालची दोन बोटं परत आणता येणार नाहीत. त्याची माफी मागायची तर कुठल्या तोंडाने मागू, ते मला कळत नाही. म्हणून नुसतं सांगतो, माझं चुकलं, आणि ते मी डोळे उघडे ठेवून केलं.

दादा


२ एप्रिल

गोटी,

तुझं पाकीट आलं. वरून हात फिरवला तेव्हाच कळलं आत काय आहे. कागदाचं वजन बोटांना कळतं.

तेहतिसावा अंक. मोठ्या आकाराचा, पिनांसकट, खालच्या दोन बोटांसकट. म्हणजे तो तुझ्याकडे होता. मावशीकडे जाताना बॅगेत टाकला होतास, आणि मी इथे कोरी पानं शिवत बसलो होतो.

चिठ्ठीत तू लिहिलंस, 'वाचून परत पाठव. बांधू नकोस.' बाई गं, आता चहाचा कप ठेवायलासुद्धा तो अंक असलेल्या टेबलाजवळ जात नाही मी.

वाचला. हा तो अंक, ज्यात लोहार भांडून निघून जातो आणि बाकीचे सहा चिलखतं फुटेपर्यंत लढत राहतात. शेवटच्या पानावर टेबल, सात खुर्च्या, एक रिकामी. खाली सुतळीची पेन्सिल, आधी वाचलेलंच पहिल्यांदा वाचतोय असं सोंग घेऊन, 'हा परत येतो का गं? सांग ना, तू पुढचा वाचलायस.' आणि तुझी, 'सांगणार नाही. महिनाभर थांब सगळ्यांसारखा.' आणि मग त्याची, जोर देऊन, कागद खोलगट होईपर्यंत दाबून लिहिलेली, 'येतोच. खुर्ची बघ, कुणी हलवलीय का?'

ते अक्षर मी बोटाने किती वेळ चाचपलं असेन. अख्खं अक्षर, खालच्या उकारांसकट. असे चाळीस अंक होते. प्रत्येक पानाखाली असं.

तू आणखी एक ओळ लिहिली आहेस. 'त्याला झोप येत नव्हती त्या दुपारी. मला माहीत होतं. मीही तुला हाक मारू शकले असते, जिन्यावर होतास तेव्हा.' हे तू तुझ्या माथी घेऊ नकोस. तू बावीस वर्षांची होतीस आणि तो तुझ्याशी बोलत होता. तू ऐकत बसलीस, ते बरोबर केलंस. उठायचं काम माझं होतं.

आता कामाचं. मी एक पेटी केली आहे. पुठ्ठ्याची, आतून मऊ कापड, पुढची बाजू दारासारखी पडते, म्हणजे अंक ओढून काढताना कोपरे दुमडत नाहीत. सुट्टे अंक तसेच्या तसे उभे राहतात. खळीचा एक थेंब अंकांना लागलेला नाही, एकही टाका नाही. एक ते एकसष्ट. पुढचे अकरा माझ्याकडे राहतील. ते मी आता वाचतोय, रोज एक, त्याला पुढचं माहीत नाही हे लक्षात ठेवून. मोठे अंक छोटे झाले आहेत, ते तसेच दिसणार, त्याला इलाज नाही. ती एक पट्टी मी एकोणिसाव्यात ठेवली आहे, जिथली होती तिथेच, चिकटवली नाही. तेहतिसावा आजच तुला वेगळा परत पाठवतो. पेटीत त्याची जागा मोकळी सोडली आहे. या वेळी कोरी पानं घातलेली नाहीत.

पेटी पुढच्या सोमवारी निघेल. दोन दिवस उशीर करतोय, त्याचं कारण सांगतो. एकोणिसावा अंक मला रविवारपर्यंत हवा आहे.

मावशीने तुझा नंबरही दिला आहे. "मी दिला म्हणून सांगू नकोस," म्हणाली.

रविवारी दुपारी चार वाजता फोन करेन. नको असेल तर उचलू नकोस, मी समजेन, पेटी सोमवारी निघणारच आहे. पण उचललास तर मी कशी आहेस विचारणार नाही, माफी मागणार नाही, अकरा वर्षांचं काही काढणार नाही. एकोणिसाव्या अंकाचं पहिलं पान उघडून ठेवलेलं असेल. काटकोनचं वाक्य आधी आहे, ते मी भराभर उरकतो. मग लोहार आहे. आवाज थोडा बसलाय आता, वय झालं. पण आज दुकानात कुणी नसताना काढून बघितला.

येतो.

दादा